निळ्या फुलांचे बारा कप

सिंकच्या तोंडात माझे बेसनाचे लाडू जात होते. एकेक करून. काकू डब्यातून लाडू उचलत होत्या, बोटांच्या टोकांनी, आणि सिंकच्या भोकात सोडत होत्या. अमेरिकेतल्या सिंकखाली एक यंत्र असतं. बटण दाबलं की उरलंसुरलं अन्न दळतं आणि पाण्याबरोबर पाइपात ढकलून देतं. ते यंत्र घरघरत होतं. मी बेसमेंटच्या जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होते. मुलीचे हातमोजे शोधायला वर आले होते.

खाली बेसमेंटमध्ये काकूंचे यजमान, म्हणजे डॉक्टरकाका, बोलत होते. रविवारची वाचन बैठक चालू होती. विषय होता अमेरिकन कादंबरीतली प्रतीकं. कादंबरीत हिरवं लॉन कसं येतं, लांबलचक गाडी कशी येते, झेंडा कसा येतो, आणि त्या साध्या वस्तूंमधून इथले लेखक आपल्याच देशाचं ढोंग कसं चव्हाट्यावर आणतात. "यांचे लेखक यांचीच सालं काढतात," काका म्हणाले. "ही हिंमत लागते." लोकांनी माना डोलावल्या असतील. मला दिसत नव्हतं. मग मला फक्त यंत्रच ऐकू येऊ लागलं.

काकूंनी मला बघितलं. बटण बंद केलं. हात धुतले. साबण लावून, दोनदा.

"अगं, जरा खवट लागले," त्या म्हणाल्या. "तूप जुनं असेल तुझं."

एकवीस लाडू वळले होते. डब्यात तीन उरले होते. बैठकीत एकही फिरला नव्हता. जो लाडू कुणी तोंडात घातला नाही तो खवट लागला.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हो काकू, तूप जुनंच होतं." तूप मी आदल्या दिवशी कढवलं होतं. हे आधीच लिहून टाकते. पुढे मी जे केलं ते वाचून कुणी मला शूर समजू नये.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही डेट्रॉईटजवळ नोव्हायमध्ये राहत होतो. नवरा मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. मला नोकरी नव्हती, म्हणून संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी साहित्याचा एक वर्ग करत होते. मुलगी प्रज्ञा आठ वर्षांची. मराठी कळायचं तिला, पण उत्तर इंग्रजीत द्यायची.

आम्ही कोण, ते इथे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी थेट विचारतही नाही. आपल्या लोकांची विचारायची पद्धत वेगळी. मूळ गाव कुठलं? गावात घर कुठल्या बाजूला? कुलदैवत कुठलं? आडनाव आमचं गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. नवरा सांगायचा, नागपूरकडचे. कुलदैवत विचारलं तेव्हा मी लहानपणच्या शेजाऱ्यांचं सांगून टाकलं. आमच्या घरातून देव गेले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी दरवर्षी गणपतीच्या आरतीला मी उभी राहायचे. टाळ्या वाजवायचे. ओठ हलायचे, आवाज नसायचा. एकदा टाळी वाजवताना वडील आठवले आणि हात जड झाले. तरी वाजवत राहिले.

वडील नगरपालिकेच्या वाचनालयात शिपाई होते. पुस्तकांना हात लावायची त्यांना मुभा होती. माठाला नव्हती. पुस्तकं झटकायची, कपाटात लावायची, साहेबलोकांच्या हातात द्यायची. तहान लागली की ओंजळ पुढे करायची, वरून पाणी पडायचं. फाटून बाद झालेली पुस्तकं ते घरी आणायचे. खळ लावून चिकटवायचे आणि मला वाचायला द्यायचे. मी बी. ए. झाले ती त्या बाद पुस्तकांवर.

अमेरिकेला निघताना त्यांनी मला एक फोटो दिला. निळा कोट, गोल चष्मा, हातात पुस्तक. ज्यांनी आमच्या लोकांना मान वर करायला शिकवलं, त्यांचा. तो कुणाचा, हे महाराष्ट्रात शेंबडं पोरही सांगेल. "भिंतीवर लाव," वडील म्हणाले. "दर्शनी." इथे आल्यावर त्यांचं पहिलं पत्र आलं, त्यात एकच प्रश्न होता. फोटो कुठे लावला? मी लिहिलं, हॉलमध्ये लावलाय, दारासमोर.

फोटो कपाटात होता. बेडरूमच्या कपाटात, आतल्या भिंतीला टेकवून, आमच्या जाड कोटांच्या मागे. नवऱ्याने ठेवला होता. मी ठेवू दिला होता.

मग त्या लोकांत जायचंच कशाला, असं कुणी विचारेल. सांगते. डॉक्टरकाकांच्या बेसमेंटमध्ये तीन कपाटं भरून मराठी पुस्तकं होती. त्यांची ओळख झाली तोवर सहा महिने वडिलांच्या पत्रापलीकडे मराठी अक्षर वाचलं नव्हतं. काकांनी पहिल्याच भेटीत पाच पुस्तकं हातात ठेवली, म्हणाले, परत करायची घाई नाही. पहिल्या हिवाळ्यात प्रज्ञाला बर्फातले बूट नव्हते, ते काकूंनी त्यांच्या नातीचे आणून दिले. प्रेमाने दिले. हे मी विसरलेले नाही. वाईट माणसांनी केलेला अपमान सोपा असतो. हा तसा नव्हता.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी बैठक. पाच जोडपी. त्यात नवऱ्याच्या सेक्शनचे वरिष्ठ होते, त्यांना आम्ही साहेबच म्हणायचो. कंपनीत तेव्हा माणसं काढायचं चाललं होतं. दर दोन-चार महिन्यांनी यादी लागायची. म्हणून साहेबांच्या शेजारी बसून चहा पिणं हे नवऱ्याच्या लेखी नोकरीचाच भाग होता.

नोव्हेंबरात डॉक्टरकाकांच्या घरातलं हीटिंग बिघडलं. नवऱ्याने उत्साहाने सांगितलं, या वेळी आमच्याकडे या. माझ्याही अंगात आलं. दोन दिवस स्वयंपाक केला. मिशिगनमध्ये थंडीत पाहुणे आले की त्यांचे कोट बेडरूममधल्या पलंगावर टाकायचे, एकावर एक. तसेच टाकले. काकू शेवटी आल्या. त्यांचा कोट नवा होता, लोकरीचा, मुलाने घेऊन दिलेला. त्या ढिगावर टाकायला त्यांचं मन होईना. "हँगर असेल ना ग?" म्हणाल्या आणि स्वतःच कपाट उघडलं.

उन्हाळ्यात त्या कपाटात आमचे कोट लोंबत होते. त्यांच्यामागे काही दिसत नसे. पण हिवाळा आला की कोट कपाटात राहत नाहीत. ते रोज लागतात, ते दाराशी खुंटीवर येतात. कपाट रिकामं झालं होतं. फोटो उघडा पडला होता. ही साधी गोष्ट आम्हा दोन पदवीधरांच्या लक्षात आली नाही.

मी दारातून बघत होते. काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी कोट टांगला नाही. हातावर घेतला. कपाट हळूच लावलं, आवाज न करता. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "किती छान ठेवलंयस ग घर." पोट बरं नाही म्हणून त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

महिनाभर काही झालं नाही. मला वाटलं, काही होणार नाही. फोन मात्र कमी झाले.

डिसेंबरात बैठक पुन्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये. काकूंकडे चहाचा एक सेट होता, पांढरा, कडेला निळी फुलं. बारा कप. त्यांना त्याचं फार कौतुक. ट्रे आला. सगळ्यांना निळ्या फुलांचे कप. मला आणि नवऱ्याला थर्माकोलचे.

मला वाटलं, कप कमी पडले. माणसं दहा, कप बारा. तरीही मला वाटलं, कप कमी पडले. मन किती लाचार असतं ते तेव्हा कळलं. चहा पिऊन झाल्यावर मी सवयीने कप विसळायला वर निघाले, तर काकू म्हणाल्या, "अगं, टाकून दे ना. म्हणून तर दिला." आणि हसल्या.

हा देश त्यांना किती सोयीचा होता बघा. गावाकडे वेगळी कपबशी ठेवायची तर ती कुठेतरी खुंटीला, वळचणीला ठेवावी लागते. दिसते. उद्या कुणी बोट दाखवू शकतं. इथे वापरा आणि फेका. कुणाच्या नजरेला काही येत नाही. उलट पाहुण्याची सोयच बघितली असं दिसतं. घरी येताना मी नवऱ्याला विचारलं. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "अमेरिका आहे ही. थर्माकोलमध्ये सगळेच पितात यार. डोक्यात काय घेतेस?"

मग जानेवारी. लाडू. यंत्र.

त्या दिवशी परत निघालो तेव्हा बर्फ पडत होता. मागच्या सीटवरून प्रज्ञा म्हणाली, "आई, आय गेट द स्पेशल कप."

मी विचारलं, कसला कप?

तिने खुशीत सांगितलं. बाकी सगळ्या मुलांना प्लास्टिकचे जुने ग्लास, दातांचे ओरखडे पडलेले. तिला एकटीला नवा पांढरा कप. दर वेळी नवा. आजी स्वतः आणून देते आणि सांगते, हा तुझा, दुसऱ्या कुणाचा ग्लास घ्यायचा नाही. काकूंना ती आजी म्हणायची.

"ओन्ली मी," ती म्हणाली. छाती फुगवून.

माझं मी गिळलं होतं. तूप जुनं होतं म्हणाले होते. पण ही पोर ते गिळत नव्हती, ती मिरवत होती. उद्या तिला कळेल. आणि कळायच्या आधीच अंगवळणी पडलेलं असेल. माझ्या बापाची ओंजळ, माझा थर्माकोल, आता हिचा स्पेशल कप. सात समुद्र ओलांडून आम्ही काय आणलं होतं तर हे. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. त्याने ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात कॉलेजात एक कादंबरी शिकवायला घेतली. शिकवणाऱ्या बाई काळ्या होत्या, पन्नाशीच्या, अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या एका लहान गावात वाढलेल्या. कादंबरीही तसल्याच गावाची. गावात पोहण्याचा एक सार्वजनिक तलाव असतो. फक्त गोऱ्यांसाठी. एक दिवस कोर्टाचा हुकूम येतो, तलाव सगळ्यांना खुला करा. गाव सभा घेतं. आणि ठरवतं, तलावच नको. ट्रकने माती आणतात, तलाव बुजवतात, वर गवत लावतात. बाग करतात. दरवर्षी राष्ट्रीय सणाला सगळं गाव त्या गवतावर सतरंज्या टाकून जेवतं, बँड वाजतो, स्वातंत्र्यावर भाषणं होतात. पण खाली सिमेंट आहे, माती उथळ आहे. पाणी जरा कमी पडलं की गवत तेवढ्याच भागात पिवळं पडतं. बरोबर तलावाच्या आकाराचा चौकोन. म्हणून एक माळी ठेवलेला असतो, सतत पाणी मारायला. मग दुष्काळ येतो. बागेला पाणी घालायला बंदी होते. सणाचा दिवस उजाडतो आणि गवतात चौकोन उमटलेला असतो. सगळे आपापली सतरंजी उचलून चौकोनाच्या बाहेर सरकतात आणि तिथे बसून जेवतात.

बाईंनी विचारलं, हे गवत कशाचं प्रतीक आहे? एक मुलगा म्हणाला, विस्मृतीचं. एक मुलगी म्हणाली, अमेरिकन स्वप्नाचं. बाई फळ्यावर लिहीत होत्या. माझा हात आपोआप वर गेला. मी म्हणाले, मला ते प्रतीक वाटत नाही. वाटून घ्यावं लागेल म्हणून माणसं पाणीच बुजवतात. असंच करतात.

बाईंचा खडू थांबला. "तुला कसं माहीत?" त्यांनी विचारलं.

पुन्हा खोटं बोलले. बापाशी फोटोचं, लोकांशी कुलदैवताचं, काकूंशी तुपाचं, आणि आता हे. म्हणाले, "वाचलंय कुठेतरी." त्यांना पटलं नाही. मला माझीच शिसारी आली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीत गेले. दार लावलं आणि सगळं सांगितलं. माठ, फोटो, कप, लाडू, मुलगी. पहिल्यांदाच कुणाला सांगत होते, तेही इंग्रजीत. जातीला धड शब्द सापडत नव्हता. त्यांना तो लागलाही नाही. मला वाटलं होतं, त्या माझा हात हातात घेतील. त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, आमच्या गावाने तलाव बुजवलासुद्धा नाही. नुसता रिकामा ठेवला. मी लहानपणी कुंपणाच्या जाळीतून तो कोरडा तलाव बघायचे. मग त्यांनी विचारलं, "पण तू मला का सांगतेस? मला ते माहीतच आहे. ज्यांना माहीत आहे आणि जे नाही म्हणतात, त्यांना जाऊन सांग."

फेब्रुवारीच्या बैठकीत बोलायची पाळी माझीच होती. ऑक्टोबरातच काकांनी ठरवलं होतं. ही कॉलेजात साहित्य शिकते, हिने एका अमेरिकन कादंबरीवर बोलावं. मधे कपाट उघडलं गेलं, तरी त्यांनी ते रद्द केलं नव्हतं. तशी ती सभ्य माणसं. मी नवऱ्याला सांगितलं, मी बोलणार आहे. तो म्हणाला, "कादंबरीवरच बोल. मार्चमध्ये नवी यादी लागेल म्हणतात." मला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकदम.

तो रविवार. बाहेर गुडघाभर बर्फ. आधी चहा. निळी फुलं फिरली. दोन थर्माकोल आले. नवऱ्याने आपला घेतला. मी माझा घेतला आणि न पिता समोरच्या टेबलावर ठेवला. मुलांच्या कोपऱ्यात जाऊन प्रज्ञाच्या हातातला कप काढून घेतला, तोही आणून शेजारी ठेवला. तिने का म्हणून विचारलं. मी म्हणाले, थांब. काकूंनी कप गोळा केले, वर नेऊन धुतले, पुसले, कपाटात लावून परत आल्या. माझे दोन तिथेच. चहावर साय धरली होती.

मी कादंबरी सांगितली. चांगली सांगितली असावी, कारण पिवळ्या चौकोनापर्यंत आले तेव्हा कुणी हलत नव्हतं. साहेब म्हणाले, केवढा नीचपणा. त्यांच्या बायकोने सुस्कारा टाकला. काका तर खुर्चीच्या कडेला आले होते. "काय प्रतीक आहे!" ते म्हणाले. "एक साधं गवत. आणि सगळ्या राष्ट्राची समता त्याच्याखाली गाडलेली. गोऱ्यांना हे समजतसुद्धा नाही, हीच तर शोकांतिका."

मी विचारलं, "काका, हे दोन कप कशाचं प्रतीक आहेत?"

त्यांनी कपांकडे बघितलं. मग काकूंकडे. काकूंनी पदर सारखा केला. तेवढ्यावरून मला कळलं. काकांनाही माहीत होतं. तोवर मी मनात त्यांना वगळलं होतं, पुस्तकं देणारा माणूस म्हणून. ते सगळ्यात जास्त लागलं.

"आपण साहित्याबद्दल बोलत होतो," काका म्हणाले. "त्यात वैयक्तिक कशाला आणायचं?"

मी म्हणाले, "मला तहान लागलीय." आणि प्रज्ञाचा हात धरून जिना चढले.

मागून पावलं आली. काकू, त्यांच्यामागे काका, बाकीचे जिन्यावर. मी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. बारा कप ओळीने. एक घेतला. नळाखाली धरला. भरला. प्यायले. थंडगार पाणी, दात शिवशिवले. पुन्हा भरला, प्रज्ञाला दिला. तिने दोन्ही हातांनी धरून पिऊन टाकला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण थांबावंसं वाटलं नाही.

"अगं, मागितलं असतंस तर दिलं नसतं का," काकू म्हणाल्या.

"मागायचं नव्हतं," मी म्हणाले.

मग मी तो कप धुतला. साबण लावून, दोनदा. फडक्याने पुसला. काकूंची नजर त्या कपावर होती. कुठला तो लक्षात ठेवत होत्या. मी बाकीचे अकरा कप खाली ओट्यावर काढले. त्यांत माझा ठेवला. मागचे पुढे केले, पुढचे मागे, आणि बारा कप पुन्हा कपाटात लावले. सगळे सारखे. सगळ्यांना निळी फुलं.

"आता ओळखा," मी म्हणाले.

खाली मुलांपैकी कुणीतरी हसलं, तेवढाच आवाज. नवरा जिन्याच्या मधल्या पायरीवर होता. तो वर आला नाही, खालीही गेला नाही. मी प्रज्ञाला कोट घातला, माझा घातला आणि बाहेर गाडीजवळ जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने तो किल्ली घेऊन आला. तोंडातून वाफ येत होती. गाडीवरचा बर्फ झटकायला लागला.

त्याच संध्याकाळी मी फोटो कपाटातून बाहेर काढला. हॉलमध्ये, दारासमोर, खिळा ठोकला. वडिलांना पत्र लिहिलं नाही. काय लिहिणार? चार वर्षांपूर्वी जे लिहिलं होतं ते आज खरं झालं होतं.

पुढच्या बैठकीचा निरोप आला नाही. दुकानात काकूंची सून दिसली, ती दुसऱ्या रांगेत वळली. महिन्याभराने प्रज्ञाने शाळेतून येऊन सांगितलं, काकूंची नात म्हणत होती, आजीने सगळे जुने कप कचऱ्यात टाकले. नवा सेट आणलाय. लाल फुलांचा.

बाराच्या बारा. एक ओळखता येईना म्हणून बाराही. मी ते ऐकलं आणि कॉलेजच्या पुस्तकातलं ते गाव आठवलं. माती भरलेले ट्रक आठवले. मी खुर्चीत बसून राहिले. मला हसू आलं नाही, रडूही नाही. त्या दिवशी आत काहीतरी कायमचं घट्ट झालं.

मार्चची यादी मेमध्ये लागली. त्यात नवऱ्याचं नाव होतं. का होतं, ते यादीत लिहिलेलं नसतं. साहेबांनी त्याला खोलीत बोलावून वाईट वाटल्याचं सांगितलं. नवऱ्याने घरी येऊन टाय काढला आणि म्हणाला, "मिळालं मनासारखं?" उत्तर होतं, पण ते त्या दिवशी त्याला देण्यासारखं नव्हतं. सात महिने तो घरी होता. फोन वाजला की आम्ही दोघं दचकायचो.

मग जॉर्जियात नोकरी मिळाली. नवं गाव, नवं घर. आम्हाला ओळखणारं कुणी नाही. म्हणजे पुन्हा सगळं लपवायची सोय. नवऱ्याने सामान लावताना फोटो हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, मग बेडरूमच्या कपाटाकडे. मी त्याच्या हातातून फोटो घेतला. हॉलमध्ये दारासमोर लावला. भांडीसुद्धा अजून खोक्यात होती.

दुसऱ्याच आठवड्यात एक मराठी जोडपं भेटायला आलं. संक्रांतीच्या कार्यक्रमाचं बोलावणं घेऊन. नवऱ्याच्या नव्या कंपनीत नाव ऐकून पत्ता शोधत आले होते. पाऊस होता, थंडी होती. दोघं दारात उभी. गृहस्थांची नजर माझ्या खांद्यावरून भिंतीवर गेली. बोलता बोलता ते थांबले. बाईंचा हात कोटाच्या वरच्या बटणावर होता, तो तिथेच राहिला. माझ्यामागे नवरा उभा होता ते मला कळत होतं. प्रज्ञा जिन्यावर बसून बघत होती.

मी दार पूर्ण उघडलं.

तेव्हापासून माझ्या घराचा हाच नियम आहे. येणाऱ्याने आधी तो फोटो बघावा आणि मग कोट काढावा. नसेल काढायचा तर घालूनच परत जावं. माझ्या कपाटात आता फक्त कोट असतात.